पाच डॉलरची करवत आणि पुसलेलं नाव

पहिली करवत मी वाया घालवली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी फार ज्ञान पाजळायला लागलो की तुम्हाला आठवण करून देता येईल. वाया म्हणजे मोडली नाही, कापते अजून, छान कापते, पण तिचं नाव मी पुसलं. ड्रिलला लावायचा तो तारेचा गोल ब्रश मिळतो ना, तो फिरवला, मग सँडरला ८० नंबरचा पॉलिशपेपर लावला, आणि दोन तासांत पातं असं चकाचक झालं की दाढी करून घ्यावी त्यात बघून. फोटो काढला, शाळेच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आले, एकाने "तू इंजिनियर कशाला झालास" असंही लिहिलं, मी खूश. मग चारेक दिवसांनी वाचताना कळलं की त्या पात्यावर मधोमध कंपनीचं आख्खं चिन्ह अ‍ॅसिडने कोरलेलं असतं, नाव, मॉडेल, गाव सगळं, आणि ते गंजाखाली बहुतेक वेळा टिकून असतं. माझ्याही करवतीवर असणार. होतं म्हणजे. सँडरच्या पिशवीत गेलं.

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीच्या दक्षिण भागात, चेरी हिलला राहतो. इथून वीसेक मिनिटांवर पामायरा म्हणून गाव आहे, तिथे रूट ७३ वर टकोनी-पामायरा पुलाच्या अलीकडे जुना बाजार भरायचा. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं काही सांगायला नको, तेच सगळं, फक्त थंडी जास्त आणि वडापाव नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मी तिथे मुलीच्या सायकलला स्टँड शोधायला गेलो होतो आणि एका म्हाताऱ्याच्या टेबलाखाली खोक्यात सहा-सात करवती उभ्या खुपसलेल्या दिसल्या, प्रत्येकी पाच डॉलर. स्टँड राहिला बाजूला. दोन घेतल्या. बायको म्हणाली घरात एक इलेक्ट्रिक करवत आहे ती तू दोनदा वापरलीस, ते खरंच होतं, पण मला त्या खोक्यात एकदम सावंतवाडीची पडवी दिसली त्याला मी काय करू.

माझा मामा सुतारकाम करायचा. धंदा म्हणून त्याच्या वडिलांचा, आणि मग त्याचा. पडवीत भिंतीला खिळ्यांवर ओळीने हत्यारं टांगलेली, पटाशा, रंधे, गुण्या, आणि सगळ्यांच्या वर जिथे आमचा हात पोचणार नाही तिथे आजोबांची शेफील्डची करवत. स्पिअर अँड जॅक्सन कंपनीची. ब्रिटिशांच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डची हत्यारं आपल्याकडे यायची, आजोबांनी ती बेळगावहून आणली होती असं मामा सांगतो. पोरांपैकी कुणी तिला हात लावला तर मामा ओरडायचा नाही, नुसता बघायचा, त्यापेक्षा ओरडलेलं बरं.

असो. तर ती दुसरी करवत. पहिलीचं असं झाल्यावर दुसरी मी सहा महिने गॅरेजमध्ये नुसती टांगून ठेवली, हात लावायची भीती बसली होती. आणि त्या सहा महिन्यांत जे वाचलं, पाहिलं, विचारलं त्यात सगळ्यात मजेची गोष्ट ही निघाली की ज्या पुलाच्या या टोकाला मी ती विकत घेतली, त्याच पुलाच्या त्या टोकाला, डेलावेअर नदीपलीकडे टकोनीत, ती बनली होती. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत करवतीने प्रवास केला किती, तर एक नदी.

टकोनी म्हणजे डिस्टन, करवतींची कंपनी. हेन्री डिस्टन हा मूळचा इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीचा, जन्म १८१९ चा. १८३३ मध्ये चौदा वर्षांचा असताना बापाबरोबर फिलाडेल्फियाला आला, आणि बंदरात उतरल्यावर तीन दिवसांत बाप गेला. पोरगा एका करवत बनवणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून लागला आणि १८४० मध्ये स्वतःचं दुकान काढलं. तेव्हा अमेरिकन सुतारांना करवत हवी ती शेफील्डचीच, आपल्याकडे एकेकाळी "इम्पोर्टेड आहे" म्हटलं की विषय संपायचा ना, तसं. कारण पोलाद. शेफील्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजीव पोलाद करायची रीत बसवली होती, त्या पोलादाचं पातं वाकवलं तरी सरळ उसळून येतं आणि धारही धरतं. डिस्टन आधी तेच पोलाद मागवायचा. १८५५ मध्ये त्याने स्वतःची भट्टी घातली, आणि तिथून पुढे चाक फिरलं. १८७२ पासून त्याने कारखाना शहरातून टकोनीला हलवायला सुरुवात केली, सोबत कामगारांसाठी आख्खं गाव वसवलं, घरं, पाणी, शाळा, आणि जमिनीच्या कागदांतच अट घालून ठेवली की इथे दारूचं दुकान चालणार नाही. (माझ्या ऑफिसातला एक जण त्या भागातला आहे, तो ही अट ऐकून अजून हळहळतो.) १८७८ मध्ये डिस्टन गेला, पण पोरांनी धंदा असा वाढवला की आज अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या बाजारात तुम्ही डोळे मिटून करवत उचलली तर ती डिस्टन निघायची शक्यता मोठी. १९५५ मध्ये एच. के. पोर्टर नावाच्या कंपनीने ती विकत घेतली, आणि त्यानंतरच्या करवतींना हाताळून बघा, मुठी जाड्या ठोकळ्यासारख्या, मला तरी त्या आवडत नाहीत. माझं मत आहे, भांडू नका.

आता ओळखायचं कसं. सगळे आधी पात्याकडे बघतात, मी म्हणतो आधी मुठीकडे बघा, कारण पात्यावर गंज असतो आणि मुठीवर पितळ असतं. करवतीची मूठ पात्याला तीन-चार-पाच पितळी नटांनी धरलेली असते, त्यातला एक मोठा असतो आणि त्यावर नक्षी असते, मी त्याला बिल्ला म्हणतो. त्या बिल्ल्यावर कंपनीचं नाव वाचायला मिळालं तर अर्धं काम झालं. डिस्टनच्या बिल्ल्यांची अक्षरं काळाप्रमाणे बदलत गेली, म्हणून त्यावरून साधारण वय सांगता येतं. सगळ्यात सोपी खूण म्हणजे "अँड सन" असं एकवचनी असेल तर करवत १८६५ ते १८७१ च्या आसपासची, कारण १८६५ मध्ये थोरला मुलगा हॅमिल्टन भागीदार झाला, आणि पुढे बाकीचे भाऊ आल्यावर "अँड सन्स" झालं. एका अक्षराचा फरक, पण बाजारात "सन" वाली करवत दिसली तर माझ्यासारखा माणूस लगेच खिशातून पाकीट काढत नाही, आधी चेहरा पडलेला ठेवतो, मग भाव विचारतो.

आणि एक फसवणूक, म्हणजे फसवणूक कुणी करत नाही, आपणच फसतो. काही नटांवर "पेटंट २७ डिसेंबर १८८७" अशी तारीख असते. ते बघून विकणारा म्हणतो १८८७ ची आहे, पन्नास डॉलर. अहो, ती तारीख त्या नटाच्या पेटंटची आहे, करवतीची नाही, आणि ती पुढे कितीतरी वर्षं तशीच छापत राहिले. त्यावरून एवढंच कळतं की करवत त्या तारखेआधीची नाही, म्हणजे नट मागाहून बदललेले नसतील तर. त्याहून बऱ्याच जुन्या करवतींना दोन फाका असलेले सपाट पितळी नट असायचे, मुठीच्या लाकडाशी अगदी सपाट बसवलेले. ते फिरवायला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, मध्ये खाच पाडलेला लागतो, मी जुना चपटा ड्रायव्हर घेऊन कानशीने खाच पाडली. जोर लावू नका, पितळ आहे, फाक तुटली की संपलं.

बिल्ल्यावर गरुड आणि "वॉरंटेड सुपीरियर" असं असेल तर काय? तर काही नाही. ते कुणा कंपनीचं नाव नाही. बऱ्याच कंपन्या, अगदी डिस्टनसुद्धा, दुसऱ्या दुकानांच्या नावाने विकायच्या किंवा जरा स्वस्तातल्या करवतींना हा बाजारू बिल्ला लावायच्या. म्हणजे "शुद्ध देशी तूप" लिहिलेला डबा, कुणाचं तूप ते डब्यावर नाही. पण त्यात वाईट करवत असतेच असं नाही, उलट अशा करवती स्वस्त मिळतात आणि कामाला उत्तम, फक्त ओळख लावायची असेल तर पात्यावरच्या कोरीव चिन्हाशिवाय उपाय नाही.

मग आकार बघायचा. पाठ सरळ आहे की मध्ये आत वळलेली? आत वळलेली पाठ डिस्टनने १८७४ मध्ये पेटंट घेऊन आणली, नंबर आठच्या मॉडेलला, तेच पुढे डी-८ म्हणून इतकं चाललं की बाकीच्यांनीही तसल्या पाठी काढल्या. पाठीवर टोकाजवळ एक इवलंसं बोंड असतं, जुन्या करवतींना, त्याबद्दल लोक काय काय सांगतात, दोरी बांधायला, खूण करायला, काप सुरू करायला. कंपनीनेच सांगून ठेवलंय की ते शोभेचं आहे, सरळ रेघ कंटाळवाणी दिसू नये म्हणून. मला हे उत्तर फार आवडतं. आणि मुठीजवळ पात्यावर एक आकडा ठोकलेला असतो, ८, १०, ५½ असा, तो एका इंचात दातांची किती टोकं येतात त्याचा. इथे गंमत अशी की टोकं मोजताना इंचाच्या दोन्ही कडांवरची टोकं धरतात, म्हणून ८ आकडा असेल तर दात प्रत्यक्षात इंचाला सातच. माझी दुसरी करवत २६ इंची, ८ ची, म्हणजे १८२ दात झाले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे मी रडणार आहे त्यावर.

विकत घेण्याआधी एकच तपासणी खरी महत्त्वाची आणि ती फुकट आहे. करवत दातांच्या बाजूने वर धरा, एक डोळा मिटा आणि बंदुकीचा नेम धरतात तसं टोकाकडे बघा. पातं एकसारखं हळूच वळलेलं असेल तर हाताने उलट वाकवून बरेचदा सरळ होतं. पण एखाद्या ठिकाणी मोडल्यासारखी तीक्ष्ण घडी असेल तर ठेवून द्या परत, कितीही नक्षीदार मूठ असली तरी. ते हातोडीने ऐरणीवर ठोकून काढणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. खोल खड्ड्यांचा गंज दातांच्या रेषेवर असेल तरीही सोडा, कारण दात घासत घासत खड्ड्यापाशी आलात की दात तुटणार. बाकी लाल गंज, रंगाचे शिंतोडे, मुठीचं एक शिंग तुटलेलं, यात घाबरण्यासारखं काही नाही.

तर सहा महिन्यांनी मी दुसरीला हात लावला. नट काढले, मूठ बाजूला केली. मुठीखाली झाकलेला पात्याचा भाग बघण्यासारखा असतो, तिथे हवा लागलेली नसते, म्हणून मूळ पोलादाचा रंग तिथे दिसतो. मग लोखंडी सपाट ब्लेड, रंग खरवडायचं असतं ते, अगदी आडवं धरून वरची गंजाची पापुद्री खरवडली. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून, वर डब्ल्यूडी-४० या तेलाचा फवारा. ठोकळा हवाच. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोट खड्ड्यात शिरतं आणि कोरलेलं चिन्हही खड्डाच असतो ना, तेच जातं. सपाट ठोकळा फक्त वरच्या पातळीवरून फिरतो आणि कोरलेल्या जागेतला काळेपणा तसाच राहतो. घासायचं टोकाकडून मुठीकडे लांब लांब, गोल गोल नाही.

पात्याच्या मधल्या भागाला मी तळहाताएवढी जागा सोडली होती, शेवटी करू म्हणून. तिथे आल्यावर हात हलका केला. दहा-बारा वेळा फिरवायचं, फडक्याने पुसायचं, उजेडाकडे तिरकं धरायचं, बघायचं. काही नाही. पुन्हा. काही नाही. मग त्या काळपट चिखलातून एक सरळ रेघ दिसली, मग त्या रेघेला काटकोनात नसलेली दुसरी, म्हणजे कमानीच्या मधल्या दगडासारखा आकार, वर रुंद खाली अरुंद. कीस्टोन. पेनसिल्व्हेनियाचं चिन्ह, डिस्टनच्या कोरीव कामात ते असतं. मी गॅरेजमधून आत पळत जाऊन बायकोला बोलावलं, ती पोळ्या करत होती, हाताला पीठ तसंच, आली, बघितलं, म्हणाली "अरे हो, दिसतंय की", आणि गेली. एवढीच दाद मिळाली पण तीही पुरली.

अक्षरं फिकट असतील तर अजून एक युक्ती आहे. बंदुकीच्या लोखंडाला काळं करायचं एक द्रावण इकडे बंदुकीच्या दुकानात मिळतं. ते कापसाने त्या जागी लावायचं, सगळंच काळं होतं, मग पुन्हा बारीक पेपर ठोकळ्यावर घेऊन वरचं काळं हलकेच काढायचं, खोलगट अक्षरांत काळं राहतं. जास्त लावलं तर डाग दिसतो आणि ते खोटं वाटतं. मी केलं, थोडं जास्तच केलं, पण डी-८ वाचता येतं. शेफील्डच्या बऱ्याच जुन्या करवतींवर नाव ठोकून उमटवलेलं असतं, ते खोल असतं, माझ्यासारख्या माणसाच्या तावडीतूनही वाचतं. आजोबांच्या करवतीवरचं नाव मामाने पन्नास वर्षं राखुंडीने घासूनही शाबूत आहे ते त्यामुळेच.

व्हिनेगरमध्ये बुडवणं, बॅटरी चार्जर लावून पाण्यात गंज उतरवणं, हे सगळं लोक करतात, मीही एकदा करून पाहिलं अ‍ॅटकिन्स कंपनीच्या दुसऱ्या एका करवतीवर. गंज जातो, पण पातं मेलेल्या माशासारखं राखाडी होतं. जुन्या पोलादाला जो गडद, मऊ रंग येतो वापरून वापरून, तो परत येत नाही. गंज काढा, वय काढू नका. आणि कृपा करून करवतीवर बर्फातली झोपडी आणि हरणं रंगवू नका, इकडे तो एक उद्योग आहे, बघितलं की पोटात तुटतं.

मुठीचं फार सांगत नाही, लाकूडकाम करणाऱ्याला ते कळतं. डी-८ ची मूठ सफरचंदाच्या लाकडाची असायची, स्वस्तातल्या करवतींना बीच. मळ आणि जुनं वार्निश टर्पेंटाइनने आणि अगदी बारीक स्टील वुलने काढलं, कोरलेल्या नक्षीत टूथब्रश, वरून जवसाचं तेल, उकळलेलं, रंगाच्या दुकानात मिळतं ते, खायचं नाही. तीन हात, दिवसाआड. त्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, खरंच घेतात, मोकळी पसरून वाळवा आणि मग टाका. पितळेला मी काही विकतचं आणलं नाही, चिंचेचा कोळ आणि मीठ, आई समया घासायची तसं. बिल्ला मात्र अगदी लखलखीत केला नाही, खोबणीतला काळेपणा ठेवला, नाहीतर अक्षरं वाचता येत नाहीत. मामाला फोनवर सांगितलं की मूठ सफरचंदाच्या लाकडाची आहे, तर तो हसलाच, म्हणाला, "खावचा सोडून मुठी करतत?"

आता दात. इथे खरी परीक्षा आहे आणि इथेच बहुतेक लोक करवत भिंतीला टांगतात. आजच्या दुकानी करवतीचे दात विजेवर कडक केलेले असतात, निळसर काळी टोकं दिसतात ना, ते कानशीने घासलेच जात नाहीत, बोथट झाली की कचऱ्यात. जुन्या करवतीचं पोलाद कानशीपेक्षा मऊ असतं, म्हणून ती कितीही वेळा नवी होते.

पहिलं काम सगळ्या दातांची उंची एक करणं. चपटी कानस दातांच्या टोकांवरून सरळ लांब फिरवायची, दोनदा, तीनदा, जोपर्यंत प्रत्येक टोकावर एक चमकणारा ठिपका दिसत नाही तोपर्यंत. काही दातांवर ठिपका भाताच्या शिताएवढा, काहींवर मोहरीएवढा, म्हणजे कुणाचे दात किती उंच होते ते कळतं. मग तीनधारी कानस, ८ च्या करवतीला मी सहा इंची बारीक घेतो, आणि प्रत्येक खाचेत बसवून त्या ठिपक्याचा अर्धा भाग एका बाजूने, अर्धा दुसऱ्या बाजूने घासायचा. ठिपका नाहीसा झाला त्या क्षणी थांबायचं. एक फटका जास्त मारला की तो दात बुटका. पातं दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळायचं, दातांच्या खाचा फळीच्या जेमतेम वर, जास्त वर राहिलं तर पातं थरथरतं आणि असा कर्कश आवाज निघतो की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

उभं चिरायचं, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, तर दात पटाशीसारखे हवेत, कानस सरळ काटकोनात धरायची आणि दाताची पुढची बाजू जवळजवळ उभी ठेवायची. आडवं कापायचं तर दात सुरीसारखे हवेत, रेषा तोडायच्या असतात, म्हणून कानस वीसेक अंश तिरकी धरायची आणि दात पंधरा अंश मागे झुकलेला. तिरकी धरायची म्हणजे एक दात सोडून एक घासायचा, मग करवत उलटी फिरवून उरलेले. मध्येच फोन आला आणि कुठपर्यंत आलो ते विसरलो तर संपलं. मी तेव्हापासून मार्करने निळी रेघ मारतो दातांवर. १८२ दात. सहाव्या मिनिटाला पाठ, विसाव्या मिनिटाला डोळे. चष्म्याचा नंबर वाढलाय हे मला करवतीने सांगितलं.

आणि दात एकाआड एक डावीकडे उजवीकडे किंचित वाकवलेले लागतात, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं अडकत नाही. त्यासाठी पिस्तुलासारखं हत्यार येतं, मी शेफील्डचंच जुनं एक्लिप्स ७७ घेतलं, त्याच्या गोल चकतीवर आकडे असतात, ८ च्या करवतीला ८ वर लावायचं असं वाटतं. तसं लावलं तर माझ्या मते फारच वाकतात, काप गटारासारखा रुंद पडतो आणि ढकलायला दुप्पट जोर. मी दोन-तीन आकडे पुढे, बारीक दातांच्या बाजूला लावतो. चांगल्या जुन्या करवतीचं पातं तसंही दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं, त्यामुळे तिला वाकवायला कमीच लागतं.

एवढं सगळं करून एका शनिवारी सकाळी मी वॉलनटची एक फळी लावली आणि मामाला व्हिडिओ कॉल केला. तिकडे संध्याकाळ. मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, फोन कानाला लावूनच बोलतो, व्हिडिओ असला तरी. त्यामुळे मला स्क्रीनवर मामाचा कान दिसत होता. मी म्हटलं मामा बघ ना, तो म्हणाला "काप, काप, आयकतंय." मी कापायला लागलो. भुसा मस्त पडत होता, रेघ सरळ, मला वाटलं आता शाबासकी येणार.

"थांब रे," मामा म्हणाला. "टक् वाजता."

मला काही टक् ऐकू येत नव्हतं. पुन्हा हळू कापायला सांगितलं, एकेक लांब हात. खर्रर्र, आणि अगदी शेवटी, हो, अगदी बारीक टक्.

"शेवटाक वाजता मां? म्हणजे मुठीकडे बघ. एक वीत सोडून. दात वर रवले हत."

फोन ठेवला, करवत परत फळ्यांमध्ये आवळली, चपटी कानस घेऊन एकदाच, वजन न देता, वरून फिरवली आणि भिंगाखाली धरली. मुठीपासून वीतभर अंतरावर दोन दात शेजारीशेजारी चमकत होते, बाकी सगळे काळे. मार्करने खूण केली, घासले, पुन्हा फळी कापली, आवाज गेला. फोटो काढून मामाला पाठवला, त्या दोन दातांचा, भिंगातून, बराच चांगला आला होता.

रात्री जेवण झाल्यावर मामाने व्हॉइस मेसेज टाकला असणार, मी इकडे दुपारी ऐकला. दातांबद्दल एक शब्द नाही. "ती मूठ सफरचंदाची म्हणलंस ती, वास येता काय रे सफरचंदाचो?"

मी खाली गॅरेजमध्ये जाऊन हुंगून बघितली. जवसाच्या तेलाचा येत होता.